रामसेस दुसरा : खरंच 'द ग्रेट' की नुसतीच जाहिरातबाजी?

माळावरचा
मंडळी, इजिप्तवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, रामसेस दुसरा आला की निवेदकाचा आवाज आपोआप चढतो. ६६ वर्षं राज्य (इ.स.पू. १२७९ ते १२१३), शंभरेक पोरं, अबू सिंबेलला डोंगरात कोरलेले वीस-वीस मीटरचे चार पुतळे वगैरे वगैरे. सगळं मान्य. पण ह्या माणसाने नवीन असं केलं काय? सीरियातल्या कादेशची लढाई जिंकलो म्हणून पाच देवळांच्या भिंतींवर कोरून ठेवलं, प्रत्यक्षात कादेश शेवटपर्यंत हिटाइट लोकांकडेच (आताच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं बलाढ्य राज्य) राहिलं. आधीच्या राजांच्या पुतळ्यांवरची नावं खरवडून स्वतःचं नाव घातलं. बाप सेती पहिला, त्याच्या वेळचं अबिडोसचं नाजूक कोरीवकाम बघा आणि मग ह्याचं बघा, आपल्यासारख्या अडाण्यालाही फरक कळतो.
थुतमोस तिसरा, ज्याने खरोखर साम्राज्य वाढवलं, तो राहिला बाजूला आणि 'द ग्रेट' हा कसा काय झाला? जाणकारांनी लिहा. अजाणकारांनीही लिहा, धागा माझाच आहे.

चहाटळ
फ्लेक्स. एका शब्दात उत्तर. चौकाचौकात स्वतःचा फोटो, खाली शंभर पोरांचे छोटे फोटो, शुभेच्छुक समस्त पुजारी मंडळ, कर्नाक.

सईची_आई
खिक्! पण चहाटळ, ते पोरांचे फोटो खरंच आहेत हो. देवळांच्या भिंतींवर मुलांची अख्खी रांग कोरलीये, थोरला पुढे, मग धाकटे, जन्माच्या क्रमाने. त्याच्याआधीच्या राजांच्या काळात राजपुत्र असे भिंतीवर क्वचितच दिसतात.

शून्य_दशांश
सईची_आई ह्यांनी जे लिहिलंय ना, धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.
हे घराणं मुळात राजघराणं नव्हतंच. आजोबा, म्हणजे रामसेस पहिला, लष्करातला माणूस, होरेमहेब राजाचा वजीर. होरेमहेबला मूल नव्हतं म्हणून गादी ह्या म्हाताऱ्याला मिळाली आणि तो जेमतेम दीड-दोन वर्षांत गेला. आता त्याला आधीच मुलगा होता, नातू होता, कदाचित निवडच त्यामुळे झाली असेल. त्याच्या आधी अखेनातेन राजाने जुने देव बाजूला सारून घातलेला गोंधळ, मग तुतनखामून विशीच्या आत गेला, मागे वारस नाही, मग आय नावाचा राजा, मग होरेमहेब, म्हणजे लोकांनी पंचवीस-तीस वर्षं गादीची नुसती पळापळ बघितली होती. अशा वेळी नवा राजा भिंतीवर पन्नास मुलगे ओळीने उभे करतो तेव्हा तो काय सांगतोय? की आता काळजी नको, वारस भरपूर आहेत. तुम्ही त्याला जाहिरात म्हणा, पण त्या जाहिरातीची गरज होती.

माळावरचा
@शून्य_दशांश, पटतंय थोडंसं. पण कादेशचं काय?

शून्य_दशांश
येतो कादेशवर. जेवून.

कोकणकडा
मोझेसच्या गोष्टीतला फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, हाच ना?

गोगलगाय
@कोकणकडा, सिनेमावाल्यांनी ठरवलंय तसं. बायबलमध्ये फेरोचं नावच दिलेलं नाही, फक्त रामसेस नावाच्या शहराचा उल्लेख आहे. इजिप्तच्या बाजूने त्या घटनेचा काहीच पुरावा नाही. गंमत म्हणजे इस्राएलचा सगळ्यात जुना उल्लेख सापडतो तो ह्याच्या मुलाच्या, मेरनेप्ताहच्या शिलालेखात, पेट्री ह्या पुरातत्त्वज्ञाला १८९६ साली थीब्सला मिळालेल्या. आणि तिथे लिहिलंय काय, तर इस्राएल संपला, त्याचं बीही उरलं नाही. बापाचे गुण!

शून्य_दशांश
जेवण झालं, आता कादेश.
साल इ.स.पू. १२७४, राज्याचं पाचवं वर्ष, वय विशी-तिशीतलं. चार तुकड्या, आमून, रा, प्ताह आणि सेथ ह्या देवांच्या नावाच्या. वाटेत दोन भटके बदाऊन सापडले, ते म्हणाले हिटाइट राजा मुवातल्ली तुम्हाला घाबरून लांब उत्तरेला अलेप्पोकडे थांबलाय. साहेबांनी विश्वास ठेवला! बाकीच्या तुकड्या मैलोन् मैल मागे आणि हा एका तुकडीसह पुढे जाऊन कादेशच्या शेजारी तंबू ठोकून मोकळा. मग हिटाइटांचे दोन हेर पकडले गेले, त्यांना काठ्यांनी बडवल्यावर कळलं की मुवातल्ली अख्ख्या फौजेसकट शहराच्या मागेच दडून बसलाय. तोवर रथ सुटलेले, रा तुकडी चालत येत असतानाच मधोमध फुटली आणि पळणारी माणसं आणि पाठलाग करणारे रथ एकदमच छावणीत घुसले. किनाऱ्याकडून येणारी नेआरिन नावाची कुमक नेमकी त्या वेळी पोचली म्हणून वाचला, नाहीतर ६६ वर्षांऐवजी पाच वर्षांतच कारभार आटोपला असता.
आता मुद्दा. हेरांना काठ्यांनी मारतानाचं दृश्य त्याने स्वतःच भिंतीवर कोरून घेतलंय. म्हणजे आपल्याला खोटी माहिती देऊन फसवलं हे तो लपवत नाही, उलट अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर झापलेलं लिहून ठेवतो. मग पुढे कवितेत म्हणतो की सगळे पळाले, मी एकटा, आमूनला हाक मारली आणि हजारो रथांना भिडलो. आणि शेवटी, माझ्या सोबत राहिले फक्त सारथी मेन्ना आणि माझे दोन घोडे, तेव्हा इथून पुढे ह्या घोड्यांना रोज माझ्यासमोर चारा घालायचा. घोड्यांची नावं सुद्धा दिलीयेत, एकाचं 'थीब्समधला विजय' आणि दुसऱ्याचं 'मुत (देवी) प्रसन्न आहे'. मला तरी हे वाचून तो माणूस थोडा आवडायला लागतो.

माळावरचा
घोडे आवडले. पण म्हणजे लढाई बरोबरीत सुटली हे तुम्हीही मान्य करताय.

शून्य_दशांश
बरोबरीत, आणि धोरण म्हणून बघितलं तर हिटाइटांच्या किंचित बाजूने. ते कोण नाकारतंय?

बडोदेकर_जोशी
अवांतर: ममी बघायला थेट इजिप्त गाठायची गरज नाही, आमच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहे एक, सयाजीरावांच्या कृपेने. लहानपणी शाळेची सहल हटकून तिथे जायची, आणि पुढची रात्र सगळ्या पोरांची अंथरुणात दिवा चालू ठेवून. अर्थात ती ममी राजाबिजाची नाही. बाकी चालू द्या.

चहाटळ
व्हॉट्सॅपवर फोटो फिरतोय, रामसेसचा पासपोर्ट, व्यवसाय: राजा (मृत). त्याबद्दल बोला कोणीतरी.

गोगलगाय
@चहाटळ, तो फोटो अलीकडे कोणीतरी कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. खरा पासपोर्ट आजवर कोणी दाखवलेला नाही. पॅरिसवारी मात्र खरी. १९७६ साली ममीला बुरशी लागलेली म्हणून विमानाने फ्रान्सला नेली, विमानतळावर लष्करी सलामी दिली, तपासण्या झाल्या, शेवटी गॅमा किरणांनी बुरशी मारून १९७७ साली परत. त्या तपासणीत फ्रेंच मंडळींनी सांगितलं की केस मूळचे तांबूस असावेत, म्हातारपणी पांढरे झालेले मेंदीसारख्या कशाने तरी रंगवलेले. वय नव्वदीच्या आसपास, सांधे धरलेले, दात पार कामातून गेलेले.

मसालेदार
आणि नाकात मिरी!! हे कसं कोणी लिहिलं नाही अजून? ममीच्या नाकपुड्यांत काळ्या मिऱ्याचे दाणे सापडलेत, नाकाचा आकार टिकावा म्हणून भरलेले. पट्ट्या आवळल्या की नाक चपटं होतं, ह्याचं ते गरुडासारखं बाकदार नाक अजून तसंच उभं आहे. आणि मिरी उगवायची कुठे, तर आपल्या मलबार किनाऱ्यावर. म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी आपला माल कुठल्या तरी वाटेने नाईलपर्यंत पोचत होता. कोणी नेला, किती हातांतून गेला ह्याची कुठेच नोंद नाही, तो दाणाच काय ती नोंद.

कोकणकडा
@मसालेदार, आमच्या परसातला वेल दाखवून आता घरी भाव खाणार. वेलावर चढायला मात्र मलाच लावतात.

टेकडीवरची
सगळे पुरुष लढाईत आणि नाकात अडकलेत, बायकांबद्दल कोण लिहिणार? मीच लिहिते.
पट्टराणी नेफरतारी. अबू सिंबेलचं धाकटं देऊळ तिचं आणि हाथोर देवीचं. दर्शनी भागात तिचे पुतळे राजाच्या पुतळ्यांएवढेच उंच आहेत, एरवी राणी म्हणजे राजाच्या गुडघ्याशी उभी असते. शिलालेखात लिहिलंय, जिच्यासाठी सूर्य उगवतो ती नेफरतारी. तिचं थडगं स्कियापारेल्ली ह्या इटालियन पुरातत्त्वज्ञाला १९०४ साली मिळालं, राण्यांच्या खोऱ्यात, ६६ नंबरचं. आत राणी एकटी बसून सोंगट्यांचा खेळ खेळतेय, पांढरा झिरझिरीत पोशाख, डोक्यावर गिधाडाचा मुकुट, आणि रंग असे की कालच रंगारी उतरून गेलाय. मधे दगडातलं मीठ बाहेर येऊन गिलावा फुगून गळायला लागला होता, मग १९८६ ते ९२ गेटी संस्थेच्या आणि इजिप्तच्या लोकांनी एकेक कपचा जागेवर बसवला. नवा रंग मुद्दाम चढवला नाही. आणि तिची स्वतःची ममी? चोरांनी काहीच ठेवलं नाही, गुडघ्यांचे तुकडे तेवढे मिळाले, ते आता इटलीत तुरीनला.
दुसरी मोठी राणी इसेतनोफ्रेत. तिचं देऊळ नाही, थडगं अजून सापडलेलं नाही, तिच्याबद्दल कोणी व्हिडिओ काढत नाही. पण नेफरतारीचे सगळे मुलगे बापाच्या हयातीतच गेले आणि गादीवर बसला तो इसेतनोफ्रेतचा मेरनेप्ताह. तेरावा मुलगा! बाप गेला तेव्हा हा स्वतः साठीचा तरी असेल.
शिवाय बिंतअनाथ, मेरितामून, नेबेततावी ह्या स्वतःच्या मुलींनाही 'राजाची पट्टराणी' ही पदवी दिली होती. ते नावापुरतं होतं का खरंच लग्न, ह्यावर अभ्यासकांत भांडणं आहेत, त्यात मला पडायचं नाही.

सईची_आई
टेकडीवरची, सुंदर प्रतिसाद. तेराव्या मुलाने साठी उलटेपर्यंत युवराज म्हणून थांबायचं म्हणजे कठीण आहे.

चहाटळ
"बाबा आता तरी सही करा."

दक्षिणद्वार
धागा उशिरा वाचला. लढाईबद्दल बरंच झालं पण नंतरच्या तहाबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते तो ग्रेट असेल तर त्यासाठीच.
कादेशनंतर पंधरा-सोळा वर्षांनी, राज्याच्या एकविसाव्या वर्षी, मुवातल्लीचा भाऊ हत्तुसिली तिसरा ह्याच्याशी लेखी तह झाला. चांदीच्या पत्र्यावर लिहून एकमेकांना पाठवलेला. ते पत्रे गेले, पण कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर इजिप्तची प्रत आहे आणि हिटाइटांच्या राजधानीत, आताच्या तुर्कस्तानात, अक्कादी भाषेतली मातीची पाटी मिळाली. तिची प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावली आहे. कलमं वाचण्यासारखी आहेत. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने मदतीला यायचं, पळून आलेल्यांना परत करायचं, आणि परत केलेल्या माणसाला शिक्षा करायची नाही, त्याचे डोळे, कान, तोंड, पाय ह्यांना इजा करायची नाही, बायकापोरांना हात लावायचा नाही.
मग पत्रव्यवहार सुरू झाला, आणि तो म्हणजे निव्वळ करमणूक. हत्तुसिलीने कळवलं की माझ्या बहिणीला मूल व्हावं म्हणून एखादा वैद्य पाठव. रामसेसचं उत्तर साधारण असं, की तुझी बहीण ना, माहितीये मला, लोक म्हणतात पन्नास, पण साठीची आहे ती, साठीच्या बाईला मूल होईल असं औषध कोणाकडेच नाही, पण तू म्हणतोस तर एक मांत्रिक आणि एक वैद्य धाडतो. पुढे रामसेसला हिटाइट राजकन्या देण्याचं ठरलं आणि हुंड्याला उशीर व्हायला लागला तशी ह्याने कुरकुर केली. त्यावर हत्तुसिलीच्या राणीने, पुदुहेपाने झाडलाय त्याला, आमचं कोठार जळालंय हे ठाऊक आहे, आणि माझ्या भावाकडे (म्हणजे रामसेसकडेच) काय काहीच नाही की माझ्याकडून श्रीमंत व्हायचंय? शेवटी चौतिसाव्या वर्षी लग्न लागलं, आणि ह्याने भिंतीवर काय कोरलं? की हिटाइट राजा घाबरून मुलगी घेऊन शरण आला!

माळावरचा
@दक्षिणद्वार, दंडवत स्वीकारा. पण शेवटच्या वाक्याने माझाच मुद्दा सिद्ध केलात. तह बरोबरीचा, भिंतीवर मात्र शरणागती.

दक्षिणद्वार
भिंत घरच्या लोकांसाठी होती हो. हत्तुसिली थोडाच कर्नाकला येऊन वाचणार होता. बाहेर तडजोड आणि घरात डरकाळी, ह्याने शेवटची चाळीसेक वर्षं हिटाइटांशी एकही युद्ध झालं नाही. मला चालेल असा राजा.

पाटी_पेन्सिल
मी सरकारी नोकरीतली त्यामुळे मला ह्या सगळ्यात एकच वस्तू जवळची वाटते. ब्रिटिश म्युझियममध्ये एक चुनखडीचा तुकडा आहे, ह्याच्याच कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षाचा. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वसाहत होती देर अल-मदीना नावाची, तिथलं हजेरी मस्टर! चाळीस माणसांची नावं, पुढे काळ्या शाईत गैरहजेरीच्या तारखा आणि वर लाल शाईत बारीक अक्षरात कारण. आजारी. डोळे आलेत. विंचू चावला. आईचं कलेवर बांधायचंय. बियर गाळायचीये (हे रजेचं कारण म्हणून चालायचं). आणि माझं सगळ्यात लाडकं, साहेबांसोबत, म्हणजे साहेबांच्या खासगी कामाला. घरातल्या बाईची पाळी आहे म्हणूनही पुरुषांनी रजा टाकलेली आहे, ह्याचा नेमका अर्थ काय त्यावर वाद घालतात लोक.
एवढे पुतळे, देवळं म्हणतो आपण, पण बांधणारी माणसं कोण होती हे त्या पाटीवरून जास्त कळतं.

कोकणकडा
साहेबांसोबत!!! काही बदललं नाही.
ह्याच लोकांनी संप केलेला ना? पगाराचं धान्य मिळालं नाही म्हणून?

पाटी_पेन्सिल
हो तीच वसाहत, पण तो रामसेस तिसरा, त्याचं एकोणतिसावं वर्ष, ह्यानंतर पन्नासेक वर्षांनी. ह्याच्या काळात धान्य वेळेवर येत होतं असं दिसतं. ग्रेटपणाच्या हिशोबात हेही धरा.

खडूस_काका
माझं मत धागालेखकाच्या बाजूने. दुसऱ्याच्या पुतळ्यावर आपलं नाव घालणं म्हणजे चोरीच, त्याला कितीही अभ्यासू कारणं द्या. अक्षरंसुद्धा इतकी खोल कोरायची की बोट आत जाईल, म्हणजे पुढच्याला खोडता येऊ नये. स्वतः काय केलं ते पक्कं ठाऊक होतं.

टेकडीवरची
काका, खोल कोरण्याचं एक कारण उन्हातली सावलीही आहे, बाहेरच्या भिंतींवर उथळ काम दिसत नाही. आणि पुतळे वापरायची पद्धत आधीपासून होती, नंतर मेरनेप्ताहने बापाच्या पुतळ्यांवरही आपलं नाव घातलंच.
पण ह्याच घरात एक उलटा माणूस होता, चौथा मुलगा खाएमवासेत, इसेतनोफ्रेतचाच. मेम्फिसला प्ताह देवाचा मुख्य पुजारी. सक्कारा-गिझाच्या भागात हिंडून हजार वर्षांपूर्वीच्या पिरॅमिडांची डागडुजी करायचा आणि कोणाचं थडगं आहे ते त्यावर लिहून ठेवायचा. उनास राजाच्या पिरॅमिडवर त्याने कोरलंय की इथे राजाचं नाव दिसलं नाही म्हणून ते पुन्हा घातलं. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूचा मुलगा कावाब, त्याचा पुतळा ढिगाऱ्यात मिळाला तर तो उचलून जपला आणि वर लिहिलं की जुन्या काळच्या थोरांची आवड म्हणून हे केलं. सोबत बापाचं नाव आहेच, ते सोडलं नाही! पण बाप नावं घालतोय आणि मुलगा दुसऱ्यांची हरवलेली नावं परत लावतोय, एकाच काळात. हा पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास बापाआधी गेला.

खडूस_काका
हा मुलगा राजा व्हायला हवा होता.

जुना_कैरोकर
कैरोत नोकरीला होतो तेव्हा ह्याचा मोठा पुतळा मुख्य रेल्वे स्टेशनसमोर चौकात उभा होता, मूळ मेम्फिसहून १९५५ साली आणलेला, अकरा मीटर, ८३ टन. चारी बाजूंनी उड्डाणपूल, भोंगे, बसचा धूर, राजाचं तोंड काळं पडलेलं, टॅक्सीवाल्याला नुसतं रामसेस म्हटलं की स्टेशनला सोडायचा. २००६ च्या ऑगस्टमध्ये रात्री ट्रेलरवर उभाच्या उभा घालून गिझाला हलवला तेव्हा अपरात्री लोक पोराबाळांना घेऊन रस्त्यावर आले होते, टाळ्या वाजवत होते, काही बायका चक्क रडत होत्या. आमच्या ऑफिसचा शिपाई दुसऱ्या दिवशी म्हणाला, चौक रिकामा झाला. आता तो पुतळा नव्या ग्रँड म्युझियमच्या दारातच आहे.

शून्य_दशांश
मूळ प्रश्नाकडे येऊ का जरा? एका बाजूने माळावरचांचं बरोबर आहे. इतकं जगल्यामुळे घराण्याचं नुकसानच झालं. चार युवराज झाले, तीन बापाआधी गेले, चौथा म्हातारपणी राजा झाला आणि दहा वर्षांत गेला. मग सेती दुसरा आणि आमेनमेसे ह्यांची भांडणं, मग एक आजारी पोरगा सिप्ताह, मग तौस्रेत राणी, आणि रामसेस गेल्यापासून पंचवीसेक वर्षांत घराणं खलास. जी भीती घालवायला पन्नास मुलगे कोरले होते तेच झालं. त्या मुलांचं थडगं, राजांच्या खोऱ्यातलं पाच नंबरचं, हे तर इतकं विसरलं गेलं की त्याच्या तोंडावर हॉवर्ड कार्टरने (तुतनखामूनचं थडगं शोधणारा) खोदकामाचा राडारोडा टाकला होता. १९९५ मध्ये पुरातत्त्वज्ञ केंट वीक्सना आत लांबच लांब बोळ आणि दोन्हीकडे खोल्याच खोल्या दिसल्या, शंभरावर.
पण दुसरी बाजू अशी. पुढच्या घराण्याचा ह्याच्याशी संबंध असा काही नाही, तरी तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत सगळे रामसेस नाव लावून बसले. रामसेस तिसऱ्याने तर पोरांची नावंही ह्याच्या पोरांची ठेवली. आणि रामसेस चौथ्याने अबिडोसच्या शिळेवर देवाला लिहून मागितलंय की रामसेस दुसऱ्याला ६७ वर्षं (शिळेवर हाच आकडा आहे) दिलीस, मी तुझ्यासाठी चार वर्षांतच त्याच्यापेक्षा जास्त केलंय, तर मला त्याच्या दुप्पट दे.

चहाटळ
मग? किती मिळाली?

शून्य_दशांश
एकूण सहाएक.

चहाटळ
देवाने प्रस्ताव फेटाळला.

माळावरचा
वाचून मत थोडं सरकलं, पुरतं नाही. कादेश जाहिरातच होती ह्यावर मी ठाम आहे, पण तह आणि ती मस्टरची पाटी माझ्या लेखी भारी. थुतमोस तिसऱ्यावर कोणीच लिहिलं नाही ह्याचा निषेध, त्याचा वेगळा धागा काढतो. तोवर एक व्यावहारिक प्रश्न: ममी आणि पुतळा एकाच म्युझियममध्ये बघायला मिळतात का?

जुना_कैरोकर
नाही. पुतळा गिझाला, पिरॅमिडजवळच्या ग्रँड म्युझियममध्ये. ममी २०२१ च्या एप्रिलमधल्या ममींच्या मिरवणुकीतून इतर एकविसांसोबत कैरोतल्याच फुस्तातच्या म्युझियममध्ये गेली, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. कैरोचं ट्रॅफिक बघता दोन्ही एका दिवसात कोंबू नका. ममींच्या दालनात फोटोला बंदी आहे, गार्डशी हुज्जत घालू नका.